चार वीस ते चार सदतीस

समोरचा टॉवर बाविसाव्या मजल्यावर पोचला
त्या वर्षी आमच्या खोलीतलं सकाळचं ऊन संपलं.
मग त्याला काचा बसल्या
आणि एके दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी
त्या काचांनी आमची सकाळ आम्हाला परत केली,
दुपारी, सतरा मिनिटांपुरती,
वापरलेली, जराशी हिरवट,
धुऊन आटलेल्या सदऱ्यासारखी.

मी म्हटलं, चालेल.
इथेच स्टुडिओ.

कन्नमवार नगर, दुसरा मजला, दहा बाय अकरा.
पलंग उभा करून भिंतीला टेकवला,
त्याच्या पाठीला पांढरा डिस्टेंपर मारला.
शिवणयंत्र मोरीपाशी सरकलं.
देव्हारा होता तिथेच राहिला;
सासूबाईंची एकच अट,
फ्लॅश देवाच्या तोंडावर नको.
मंगलदासमधून चार वार काळी मखमल आणली.
दुकानदाराने विचारलं, नाटकाचा पडदा का?
मी हो म्हटलं, सोपं पडतं.
सॉफ्टबॉक्स म्हणजे थर्माकोलची पेटी,
कधीतरी तिच्यातून कोलंबी आली होती;
दिवा तापला की
अजून भाऊच्या धक्क्याचं नाव काढते.

स्टँड आप्पांनी केले.
बसडेपोत एकतीस वर्षं फिटर होते सासरे.
पडद्याच्या दांड्या, पंख्याचा पाइप, सायकलचं हँडल.
"दिवा किती किलोचा?"
एवढंच विचारलं.
क्रिएटिव्ह शूट म्हणजे काय, ते नाही.

बरंच झालं.
काय सांगणार होते मी?
की नायलॉनच्या दोऱ्याला बांधलेली कपबशी
हवेत तरंगताना दिसली पाहिजे
आणि चहा सांडता सांडता थबकला पाहिजे,
जो बेचाळीस वेळा थबकला नाही, गादीवर गेला.
की लसणाच्या सालींचं पाखरू
पंखा बंद असतानाच उडतं.
एकदा हळद उधळली, वरून दिवा मारून.
शेजारच्या सुलभा पेडणेकर तीन दिवस विचारत होत्या,
कुणाचं ठरलं?

प्रत्येक शूटआधी माझं ठरलेलं :
आप्पा, जरा बसता का, फोकस लावते.
आप्पा बसत, हातात राखाडी कार्ड,
न्हाव्यापुढे बसावं तशी मान ताठ
आणि डोळे मिटलेले.
डोळे उघडा ना.
"माझा थोडाच फोटो आहे?"

परवा चार पंचवीसला
आमच्या पांढऱ्या भिंतीवर एक माणूस उतरला.
दोरी, फळी, बादली,
सगळ्याच्या कडा विरघळलेल्या.
समोर सातव्या मजल्यावर तो काचा पुसत होता.
त्याने साबण लावला, माझी खोली विझली.
त्याने फडकं ओढलं
आणि अर्धा स्टॉप उजेड वाढला.
आयुष्यभर रिफ्लेक्टर धरायला माणूस शोधत होते मी,
आणि हा तिथून, न विचारता,
एकेक काच लखलखीत करून
आप्पांच्या तोंडावर टाकत होता.

आप्पांनी डोळे उघडले.

मी बटण दाबलं. एकदाच.
तोवर ते उठून खिडकीपाशी गेले होते,
कपाळाला आडवा हात धरून
सावलीकडे नाही, माणसाकडे बघत.
"पुली वाजतेय," म्हणाले.
मला काही ऐकू येत नव्हतं.
"कोरडी आहे. ग्रीस नाही घातलंय कुणी."
आणि सदतीसपर्यंत तिथून हलले नाहीत.

फोटो हुकलाय खरं तर.
फोकस कानावर बसलाय, डोळ्यांवर नाही.
ठेवलाय.

आज जेवण झाल्या झाल्या
आप्पा ग्रीसचा डबा घेऊन टॉवरच्या गेटवर गेलेत.
वॉचमन आत सोडेना, असं सासूबाई गॅलरीतून सांगतायत.
आता म्हणे स्टुलावर बसलेत दोघं.
चार दहा झाले.
वांग्यावर ग्लिसरिनचे थेंब लावून झालेत,
मखमल झटकलीय,
आणि कार्ड धरायला घरात कुणी नाही.